डोंगरावरची खाकी

"पुढं सरका, पुढं सरका. मधी जागा हाय, दारात जत्रा हाय."

नांदेड-कंधार गाडीत हे वाक्य कानावर आलं की डोळे मिटूनही सांगता यायचं, आज ड्युटीवर त्या आहेत. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं त्या अशी हलवायच्या, जशी वाळवणावरच्या चिमण्या उडवतात. तुम्ही भरलेल्या गाडीत उभ्यानं प्रवास केला असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, पुढे सरका म्हटल्यावर कुणीही सरकत नाही. हे आपल्या शेजारच्याला सांगितलंय, असं प्रत्येकाला वाटत असतं. त्यांच्या त्या दोन बोटांना मात्र अख्खी गाडी सरकायची. मीसुद्धा सरकायचे, आणि मी काही सहजासहजी सरकणारी बाई नाही. हवं तर आमच्या कॉलेजात विचारा.

मी शिकवते कंधारच्या कॉलेजात आणि राहते नांदेडला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं. त्या कंडक्टर आणि मी पासवाली, अशी आमची ओळख. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो, त्या मला म्याडम म्हणायच्या. मूळच्या मुखेडकडच्या एका खेड्यातल्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन लातूरला दिलेली. उंचीला बेताच्या, पण आवाज असा की ड्रायव्हरला आरशात बघायची गरज पडत नसे.

त्यांच्या खाकी ड्रेसला खिसे भरपूर होते आणि त्या खिशांचा त्यांना फार अभिमान होता. एकात पेन, एकात सेफ्टी पिना, एकात आल्याच्या वड्या. गाडी लागलेल्या पोराच्या तोंडात आल्याची वडी कोंबून त्याला खिडकीशी बसवायचं, हे त्या तिकीट फाडल्याइतक्या सहज करायच्या. माझ्या नव्या कुर्त्याचं एकदा कौतुक करता करता त्यांनी बाजूला हात लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "खिसाच न्हाई? मग हे नुसतं झाकण झालं की म्याडम." तो कुर्ता मी पुन्हा मनापासून घालू शकले नाही.

आता या बाईंना डोंगराचं वेड कसं लागलं ते सांगते. आमचे जिमखान्याचे सरही माझ्यासारखेच रोज नांदेडहून येणारे. हिवाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या काही जणांनी मिळून कळसूबाईला जायचं, असा त्यांचा बेत चालला होता. गाडीत ते मला रंगवून सांगत होते, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्याच्या पुढे चढायला काही नाही. ताई आमच्या सीटपाशी तिकिटं देत उभ्या होत्या. त्यांचं मशीन थांबलं.

"पुढं काईच न्हाई?"

सर म्हणाले, काहीच नाही, तिथंच संपतं.

त्या तिकिटं देत पुढे गेल्या. पण कंधार आलं, गाडी रिकामी झाली, तरी त्या माझ्यासोबत खाली उतरून उभ्या राहिल्या. रिटायर व्हायला त्यांना थोडेच दिवस उरले होते. इतकी वर्षं गाडीत काढली, पण कुठं गेल्यासारखं वाटलंच नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटच्या थांब्यावर जायचं, उभ्यानं चहा प्यायचा, पाटी उलटी करायची आणि त्याच रस्त्यानं परत. माहूरला कितीदा तरी गाडी नेली, पण तिथला डोंगर पाहिला तो स्टँडवरूनच. मग म्हणाल्या, "मला एकदा अशा जागी जायचं हाय, जिथून गाडी परत न्यायची न्हाई. नुसतं बसायचं. कुणी बेल मारायची न्हाई."

तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि त्या पळाल्या. गाडी सुटताना त्यांनी दोनदा दोरी ओढली, ती बेल मला आत कुठे तरी ऐकू आली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना चला म्हणून सांगितलं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगून टाकलं की ताई आपल्याबरोबर येणार.

मग सुरू झाला कपड्यांचा गोंधळ. आम्हा नांदेडकरांना उन्हाचं सगळं कळतं. डोक्याला काय बांधायचं, कापड कुठलं, रंग कुठला, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. डोंगराचं मात्र काही कळत नाही. सरांनी मोबाइलवर मेसेज पाठवला की सुती कपडे नकोत, सुती कापड घामानं भिजतं, अंगावर वाळत नाही आणि वर वाऱ्यात थंडी भरते. त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये जवळजवळ बंड झालं. सुती नाही तर मग माणसानं घालायचं काय? ताईंनीही हाच प्रश्न विचारला, पण सर सांगतात म्हटल्यावर मान डोलावली. वर्दीच्या माणसाला सूचना पाळायची सवय असते.

त्या रिटायर झाल्या, त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना नांदेडच्या बाजारात घेऊन गेले. तिथे मला कळलं की या बाईंनी नोकरी लागल्यापासून स्वतःसाठी कपडा असा निवडलाच नव्हता. त्यांच्या कपाटात एक कप्पा खाकीचा, दुसरा बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला नेसायच्या पांढऱ्या साड्यांचा, आणि उरलेलं जे काही ते मुलीनं आणि भावांनी दिलेलं. दुकानदारानं साधं विचारलं, कलर कोणता दाखवू, तर त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"कलर? दाखवा की कोणताबी."

कोणताही म्हटल्यावर दुकानदारानं सगळेच काढले. काउंटरवर ट्रॅकपँटांचा ढीग पडला. ताईंनी एकेकीच्या बाजूला हात घालून पाहिला. खिसा असला तर चिमटीएवढा, नाही तर नुसती शिलाई मारून केलेलं खिशाचं सोंग. ते सोंग पाहून त्या खरोखर चिडल्या. एक पँट कशीबशी पसंतीला उतरली, तेव्हा ती घालून त्या बाहेर आल्या आणि दुकानदाराकडे स्टूल मागितलं. त्याला वाटलं बसायला हवंय. त्यांनी स्टूल समोर ठेवलं, त्यावर दणकन पाय दिला आणि उठून उभ्या राहिल्या. गाडीची पहिली पायरी केवढी उंच असते ते तुम्ही पाहिलंय. ती चढता येत नाही त्या कपड्याचा उपयोग नाही, हा त्यांचा हिशोब. पँट गुडघ्यात अडली. दुसरी मांडीत अडली. तिसरीचा असा आवाज आला की दुकानदारानं हात जोडले.

आम्ही तीन दुकानं फिरलो आणि तिन्ही स्टुलांवर त्या चढल्या. मी हसून हसून भिंतीला टेकले होते. खरेदी झाली ती फक्त माझी, एक वाऱ्याचं जॅकेट, लालभडक. इतकं लाल की घरी लेकीनं विचारलं, आई, डोंगरावर विमान उतरवायचंय का? घेताना ताईंनी त्याच्या बाहीवरून एकदा हात फिरवला. "लई लाल हाय," एवढंच म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

शेवटी तोड त्यांनीच काढली. वर्दीसाठी मिळालेलं शेवटचं कापड शिवायचं राहून गेलं होतं, ते ट्रंकेत तसंच पडलं होतं. सुती नाही, टेरिकॉट आहे, मळत नाही, लवकर वाळतं. ते घेऊन त्या कंधारला आपल्या नेहमीच्या टेलरचाचांकडे गेल्या, मी सोबत होतेच. चाचांनी कापड उलगडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ये तो वर्दी का कपडा हाय ताई. रिटायर हुए ना तुम? फिर कायकू वर्दी?"

"चाचा, मला दुसऱ्या कशात खिसे भेटून न्हाई राहिले."

चाचांना हे पटलं असावं. त्यांनी ऐसपैस पँट शिवली, वर गुडघ्यापर्यंतचा सैल शर्ट, आणि खिसे इतके की मोजायला बसावं लागेल. पँट घालून ताईंनी चाचांच्या दुकानाच्या ओट्यावर दणकन पाय दिला. काही अडलं नाही. त्या दिवशी त्यांना झालेला आनंद मी अजून विसरले नाही. ओट्यावरून उतरायच्या, परत चढायच्या, परत उतरायच्या. चाचा मशीन थांबवून बघत बसले.

सराव म्हणून आम्ही कंधारच्या किल्ल्यात जायला लागलो. आता कंधारचा किल्ला म्हणजे सपाटीवरचा. भोवती खंदक आहे, तटबंदी आहे, फक्त डोंगर नाही. पण आपल्याकडे जे आहे त्यावरच सराव करायचा ना? माझं कॉलेज सुटलं की ताई पाठीला पिशवी, पायात बूट आणि अंगात नवी खाकी अशा तयार असायच्या. तटाच्या पायऱ्या आम्ही चढायचो आणि उतरायचो, खाली गुरं चारणारे लोक आमच्याकडे काळजीनं बघायचे. एकदा बाहेरगावचं एक जोडपं सरळ ताईंपाशी आलं आणि किल्ला बंद कधी होतो म्हणून विचारू लागलं. ताईंनी वेळ सांगितली, वर तटाच्या कडेला जाऊ नका असा दमही दिला. ते दोघं चटकन मागे सरले. आम्ही त्यावर खूप हसलो आणि विसरूनही गेलो.

निघायच्या दिवशीचा उत्साह काय सांगू! सुट्टी होती, सरांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली होती, डब्यांत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. ताई दारातच उभ्या. आम्ही चढू लागलो तसे त्यांनी आम्हाला मोजून आत घेतलं, पुढं सरका म्हणून मागच्या सीटपर्यंत पोचवलं आणि सगळे बसल्यावर आपसूक हात वर नेला. दोरी नव्हती. मग त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी सुटली.

पायथ्याच्या बारी गावात सकाळी उतरलो तर आम्ही सगळे मराठवाड्याचे वीर स्वेटर, मफलर, कानटोपी, वर शाल अशा थाटात. डोंगर म्हणजे थंडी, एवढंच आम्हाला माहीत. पहिला चढ संपायच्या आत घामानं निथळायला लागलो. मफलर गेले, टोप्या गेल्या, स्वेटर कमरेला आले. चढ बिकट होता, पण मजा अशी येत होती की सांगता सोय नाही. सर सारखे मागे वळून बघत होते. ताई मात्र त्या खाकीत धडाधड चालत होत्या. कुणाला दम लागला की आल्याची वडी निघायची, कुणाची चप्पल तुटली की पीन निघायची, आणि तो कुणी आमच्यातलाच असायला हवा असं नव्हतं.

वरच्या अंगाला लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीचा दिवस, माणसांचा हा लोट. शेवटच्या मोठ्या शिडीपाशी तर सगळं तुंबलं होतं. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वेळी शिडीत घुसलेले, मध्ये एक पोरगी घाबरून रडत असलेली. गर्दीतून कुणीतरी ताईंची खाकी पाहिली आणि ओरडलं, मॅडम, जरा लाइन लावा ना.

झालं. त्यांची ती दोन बोटं वर आली.

"आधी उतरणाऱ्याला उतरू द्या! खालचे, बाजूला व्हा. अन् मधी थांबू नका, पुढं सरका!"

काय सांगू तुम्हाला, शिडी मोकळी झाली. रडणारी पोरगी खाली आली. लोक रांगेला लागले, मुंबई-पुण्याची तरणी पोरं हो मॅडम, हो मॅडम करत उभी राहिली. आम्हाला इतका अभिमान वाटला की आम्ही टाळ्या वाजवल्या. ताईंनी आम्हालाही हातानं वर लोटलं आणि म्हणाल्या, आलेच मागून.

आम्ही शिडी चढून वर टेकलो. वारा असा सुटला होता की स्वेटर परत अंगावर आले, मी माझं लाल जॅकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. ताई येईनात. सरांनी घड्याळ बघायला सुरुवात केली. उजेड असेपर्यंत खाली पोचायला हवं होतं. आणखी थोडा वेळ वाट बघू, मग बाकीचे शिखरावर जाऊन येतील, असं ते म्हणाले. ते चुकीचं बोलत नव्हते. पण ताईंना सोडून मी वर जाणार नव्हते. मी परत शिडी उतरले.

त्या शिडीच्या तोंडाशी तशाच उभ्या होत्या. लोक येत होते, त्यांना विचारत होते आणि त्या सांगत होत्या. शिखर त्यांच्या डोक्यावर होतं, पण वर बघायला त्यांना सवड नव्हती. मला पाहून म्हणाल्या, एवढी एक गर्दी निघू द्या, आलेच. मी त्या वाटेकडे पाहिलं. खालून माणसांची रांग लागलेली होती, ती दुपारभर संपणार नव्हती.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही रिटायर झालात."

"मला माहीत हाय की म्याडम. ह्यांना कुठं माहीत हाय?"

हसत म्हणाल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. मला एकदम ते टेलरचाचा आठवले, किल्ल्यातलं ते जोडपं आठवलं. पाय उचलता येतो का, खिसे आहेत का, वाळतं का, सगळं आम्ही पाहिलं होतं. एवढंच कुणी पाहिलं नव्हतं की हे कापड अंगावर असेपर्यंत जग यांना बसू देणार नाही.

मी जॅकेट काढलं. त्या नको नको म्हणत असताना त्यांचे हात बाह्यांत घातले आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. मी उंच, त्या बुटक्या. जॅकेट त्यांना पार गुडघ्यावर आलं. खाकी झाकली गेली आणि समोर उभी राहिली एक लालभडक छोटीशी बाई, बाह्यांतून बोटंही न दिसणारी. मी वाऱ्यात कुडकुडत होते, पण मला हसू आवरेना. त्या तशाच उभ्या होत्या, काय करावं ते न सुचून.

खालून आलेला एक दांडगा गडी त्यांच्यामागे येऊन थबकला. घाई त्याला.

"ओ मावशी, मधी काय थांबलात? पुढं सरका की."

ताईंनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता याची धडगत नाही. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"हाव बाबा," त्या म्हणाल्या, "सरकते की."

आणि त्यांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर दणकन पाय दिला.

वर पोचलो तेव्हा त्यांनी आधी देवीच्या छोट्या देवळाला एक चक्कर मारली, दर्शनाला नव्हे, पलीकडे खरंच काही आहे का ते बघायला. चारी बाजूंना डोंगर होते, धरणाचं पाणी होतं, पण सगळं खाली.

"ह्याच्या पुढं?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही ताई."

तेव्हा त्या एका दगडावर बसल्या. पाय पसरले, हात बाह्यांत गुंडाळले. कितीतरी लोक त्यांच्याजवळून गेले, कुणीही काही विचारलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की थंडीनं दात वाजताहेत हेही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं सर आले आणि निघूया म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ताईंनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला.

"सर, डबल बेल मारू नका अजून."

सरांनी घड्याळ बाहीखाली सरकवलं. मग तेही बसले. खाली उतरेपर्यंत अंधारून आलं, पण त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. डोंगरावर ओळख झालेल्या बायकांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेल्या, राजगडावर गेल्या. प्रत्येक वेळी जाण्याआधी माझ्या दारात येऊन जॅकेट घेऊन चालले असं सांगायच्या. अहो, ते तुमचंच आहे, असं मी कितीदा सांगितलं, पण विचारल्याशिवाय न्यायच्या नाहीत. चाचांनी आता त्याला आतून खिसे लावून दिलेत, ते मात्र मला न विचारता.

परवा सकाळी त्या आल्या त्या मोठ्या पिशवीसकट. हिमाचलला चालल्या होत्या. मी विचारलं, परत कधी? तर बूट बांधता बांधता म्हणाल्या, "परतीचं रिझर्वेशन केलं न्हाई म्याडम. बघू."

जिना उतरून त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या तरी ते लाल दिसत होतं. मग ऑटोत बसल्या.

आज कंधारच्या गाडीत गर्दी होती. नवा कंडक्टर चांगला मुलगा आहे, पण त्याचं कुणी ऐकत नाही. मी दारातच अडकले होते. बाहेर थंडी होती, खिडक्यांतून वारा येत होता, आणि माझं जॅकेट कुठल्या तरी डोंगरावर होतं. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी मी आपली आपणच पुढे सरकले.